लालमनचं बक्षीस आणि माझा उन्हाळा

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी मी नोकरी सोडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर एक जाड, पिवळ्या पडलेल्या पानांचं पुस्तक घेऊन बसले. भारतीय दंड संहिता. एका ओळखीच्या काकांनी त्यांच्या कपाटातून काढून दिलेलं. सहा वर्षं मी विमा दाव्यांच्या विभागात काम केलं होतं. पॉलिसीच्या अटी वाचायच्या, कागदपत्रं तपासायची, शेरा लिहायचा. एकोणतिसाव्या वर्षी तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली, पेपर बरा गेला, आणि वर्ग सुरू व्हायला निदान तीन महिने होते. तेवढ्यात अर्धा कायदा पाठ करून टाकू, असा माझा बेत होता. हे मी आज हसत सांगते आहे. तेव्हा मी त्यासाठी रंगीत पेनं आणली होती.

पहिले बारा दिवस मी कलमं पाठ केली. ३०२ खून, ३०७ खुनाचा प्रयत्न, ३७८ चोरीची व्याख्या, ३७९ तिची शिक्षा, ४२० फसवणूक. वहीत तक्ते केले, तक्त्यांना चौकटी केल्या. तेराव्या दिवशी मावसबहिणीला फोन केला. ती चौदा वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली करते आहे. मी तिला अभिमानाने कलमं म्हणून दाखवली. ती मध्ये एकदाही बोलली नाही.

मग म्हणाली, "छान. आता ही सगळी जुन्या कायद्याची झाली."

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे, हे मला बातम्यांमुळे माहीत होतं. नावं बदलली, एवढंच डोक्यात राहिलं होतं. आकडे बदलले असतील हे सुचलंच नाही. ५११ कलमांच्या जागी ३५८ आली. खून १०३ वर गेला, खुनाचा प्रयत्न १०९ वर, चोरी ३०३ वर. नव्या संहितेत ३०२ शोधायला गेलं तर धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांचं कलम समोर येतं. आणि चारशेवीस या क्रमांकाचं कलमच शिल्लक नाही. फसवणुकीची ती तरतूद आता ३१८ च्या चौथ्या पोटकलमात बसली आहे. बोलण्यातला 'चारशेवीस' मात्र अजून पन्नास वर्षं तरी मरायचा नाही.

"सगळंच वाया गेलं म्हण की," मी म्हटलं.

"तसं नाही. १ जुलैच्या आधी घडलेले गुन्हे जुन्याच संहितेखाली चालतात. आमच्या कपाटात दोन्ही पुस्तकं आहेत आणि आणखी बरीच वर्षं राहणार. पण तू आकडे पाठ करत बसू नकोस. आकडा पुस्तकात सापडतो. तू आधी वाचायला शीक."

सहा वर्षं वाचण्याचाच पगार घेतलेल्या बाईला हे जरा लागलं. ताईने लगेच गृहपाठही दिला: न्याय संहितेचं कलम ३०३, चोरी. फक्त व्याख्या वाचायची आणि एकूण किती गोष्टी सिद्ध कराव्या लागतील ते मोजून सांगायचं. मला वाटलं दोन असतील. दुसऱ्याची वस्तू आणि ती नेणं. बसून मोजल्यावर पाच निघाल्या. वस्तू जंगम, म्हणजे हलवता येणारी हवी. ती कुणाच्या तरी ताब्यात हवी. त्याची संमती नको. घेणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक हवा. आणि वस्तू जागची हलायला हवी. यातली एक जरी गळली तरी चोरी होत नाही. म्हणून रस्त्यावर पडलेली, कुणाच्याच ताब्यात नसलेली अंगठी उचलणारा चोर ठरत नाही. तो दुसऱ्या एखाद्या कलमात अडकू शकतो, पण चोरीत नाही. आणि झाड? उभं आहे तोवर ते जमिनीला जोडलेलं, म्हणून जंगम नाही. दुसऱ्याच्या जमिनीवरचं झाड चोरायच्या इराद्याने तोडलं, की ते जमिनीपासून सुटतं त्या क्षणी चोरी पूर्ण होते. घरी नेण्याचीसुद्धा गरज नाही.

कलमाखालच्या उदाहरणांत एक माणूस खिशात कुत्र्याला आवडेल असं आमिष ठेवून चालू लागतो आणि शेजाऱ्याचा कुत्रा त्याच्या मागे निघतो. माणसाचा हेतू अप्रामाणिक असेल तर कुत्र्याने पाऊल टाकलं तिथेच चोरी झाली. हे उदाहरण १८६० च्या संहितेतही होतं आणि नव्या संहितेतही आहे. दीडशेहून जास्त वर्षं तो कुत्रा त्या माणसाच्या मागे चालतोच आहे. मला तो फार आवडला. बारा दिवस तक्ते करताना मी उदाहरणं आणि स्पष्टीकरणं गाळत होते, कारण ती 'मुख्य' नाहीत असं वाटायचं. खरं तर कलम नेमकं कुठवर पोचतं हे तिथेच कळतं. पॉलिसीतही असंच असायचं. मोठ्या अक्षरातलं वाक्य ग्राहकासाठी, आणि दावा बसतो की नाही ते खालच्या परंतुकात, म्हणजे 'परंतु'ने सुरू होणाऱ्या अटीत.

यानंतर मी शहाणी झाले असेन असं वाटत असेल तर तसं काही नाही. पुढची चूक केशवानंद भारती. संविधानावरचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी, असा माझा हिशेब. २४ एप्रिल १९७३ चा निकाल, तेरा न्यायाधीश, अडुसष्ट दिवसांची सुनावणी, सात विरुद्ध सहा असं बहुमत आणि एकूण अकरा वेगवेगळी निकालपत्रं. चाळिसाव्या पानापर्यंत मी नेटाने गेले. तिथे माझ्या लक्षात आलं की, आपण वाचतोय तो युक्तिवाद न्यायाधीश मान्य करताहेत की खोडताहेत, हेच आपल्याला कळलेलं नाही. न्यायाधीश आधी एका पक्षाचं म्हणणं सविस्तर मांडतात, मग दुसऱ्याचं, मग जुने निकाल, आणि मग कुठेतरी स्वतःचं मत. नवख्याला सगळा आवाज एकच वाटतो. एकेचाळिसाव्या पानावर खूण घालून मी पुस्तक मिटलं.

ताईला सांगितलं तेव्हा ती मनापासून हसली. "अगं, तो निकाल आम्ही अजून तुकड्यातुकड्याने वाचतो. तुला छोटा देते. लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त. १९१३, अलाहाबाद. वाच आणि अर्ध्या पानात लिहून पाठव. अर्ध्याच."

हा खटला कायद्याच्या पहिल्या वर्षाला सगळेच वाचतात. गौरी दत्त यांचा पुतण्या घरातून निघून गेला. त्यांनी आपल्या पदरच्या लालमनला मुलाच्या शोधासाठी कानपूरहून हरिद्वारकडे पाठवलं. तो गेल्यानंतर मालकाने पत्रकं काढली: मुलाला शोधून देणाऱ्यास पाचशे एक रुपये बक्षीस. लालमनला या पत्रकांचा पत्ता नव्हता. त्याने मुलगा शोधून काढला, घरी आणला. बक्षिसाचं त्याला नंतर कळलं, आणि पुढे नोकरी गेल्यावर त्याने त्या बक्षिसासाठी दावा लावला. न्यायालयाने दावा फेटाळला.

माझं अर्धं पान तीन पानांचं झालं. गरीब नोकर, पैसेवाला मालक, काम करून घेतलं आणि पैसे दिले नाहीत, उच्च न्यायालयानेही मालकाचीच बाजू घेतली. आवेशात लिहिलं होतं. मला ते वाईट वाटलं नव्हतं. उलट दोन वाक्यं तर मी पुन्हापुन्हा वाचली.

ताईचा निरोप आला: "राग बरोबर आहे. पण न्यायालयाने कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलं ते यात कुठेच नाही. चार ओळींत परत लिही. काय घडलं, प्रश्न काय होता, उत्तर काय दिलं, का दिलं."

पहिल्या तीन ओळी दहा मिनिटांत झाल्या. 'का' वर दोन दिवस गेले. न्यायालयापुढचा प्रश्न लालमन बक्षिसाला लायक आहे का, हा नव्हताच. प्रश्न होता, लालमन आणि गौरी दत्त यांच्यात बक्षिसाबद्दल करार झाला होता का. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं दुसरं कलम काढलं. एक जण प्रस्ताव ठेवतो, ज्याच्यापुढे तो ठेवला तो त्याला आपली संमती दर्शवतो, तेव्हा प्रस्ताव स्वीकारला जातो. आता जो प्रस्ताव आपल्या कानावरच आलेला नाही, त्याला माणूस संमती कशी दर्शवणार? लालमनने मुलगा शोधला तो बक्षीस स्वीकारण्यासाठी नाही, नेमून दिलेलं काम म्हणून. करार नाही, म्हणून पैसे नाहीत. चार ओळी झाल्या. माझा राग गेला नाही, पण तो आता नेमका कुणावर काढायचा ते कळेना. न्यायाधीशावर? कलमावर? की त्या मालकावर, ज्याला करार नसतानाही पाचशे एक रुपये द्यायला कुणी अडवलं नव्हतं?

मग ताईने जोडीला दुसरा खटला दिला. इंग्लंडमधला, १८९२ सालचा कारलिल. कार्बोलिक स्मोक बॉल नावाचं औषधी साधन विकणाऱ्या कंपनीने जाहिरात दिली की, सांगितल्याप्रमाणे हे वापरूनही कुणाला फ्लू झाला तर शंभर पौंड देऊ, आणि आम्ही गंभीर आहोत हे दाखवायला बँकेत हजार पौंड ठेवले आहेत. श्रीमती कारलिल यांनी ते सांगितल्याप्रमाणे वापरलं. फ्लू झाला. कंपनी म्हणाली, ती नुसती जाहिरात होती, आणि तुम्ही स्वीकार करत असल्याचं आम्हाला कळवलंही नव्हतं. न्यायालयाने कंपनीला शंभर पौंड द्यायला लावले. जाहिरात सगळ्या जगाला उद्देशून होती, आणि तीत सांगितलेली कृती करणं हाच स्वीकार.

दोन्हीकडे बक्षीस जाहीर झालं, दोन्हीकडे काम पूर्ण झालं. एकीला पैसे मिळाले, एकाला नाही. फरक शोधायला मी दोन्ही वह्या शेजारी ठेवून बसले. श्रीमती कारलिल यांनी जाहिरात वाचून साधन घेतलं होतं. लालमन पत्रक निघण्याआधीच गावाबाहेर पडला होता. सगळा निकाल त्या एका वस्तुस्थितीवर फिरला. मग मला खेळच लागला. समजा लालमनला मुलगा सापडण्याच्या आदल्या दिवशी पत्रक मिळालं असतं तर? तरीही तो नोकर म्हणून आधीच बांधलेला होताच ना? समजा पत्रक मिळालं, पण त्याला वाचता येत नव्हतं? ताईला रात्री साडेअकराला हे प्रश्न पाठवले. सकाळी उत्तर आलं, "झोप. पण हेच कर." संपूर्ण उन्हाळ्यात तिने केलेलं हे एवढंच कौतुक.

इंग्रजीबद्दलही सांगायला हवं, कारण माझ्यासारखे बरेच जण त्याच धास्तीने या शाखेकडे फिरकत नाहीत. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठीतून झालं. नोकरीतलं इंग्रजी ईमेलपुरतं. निकालांचं इंग्रजी मात्र असं की, एका वाक्यात चार उपवाक्यं आणि क्रियापद पुढच्या पानावर. मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवला. 'कन्सिडरेशन' हा शब्द मी 'विचार' म्हणून वाचत होते आणि करार कायद्याचं पंचविसावं कलम मला काही केल्या लागेना. 'प्रतिफल' हा मराठी शब्द मिळाल्यावर, म्हणजे करारात वचनाच्या बदल्यात जे मिळतं ते, लागलं. 'अपप्रेरणा' (गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत), 'सदोष मनुष्यवध' हे वर्तमानपत्रात शेकडो वेळा वाचलेले शब्द तोवर मला नुसते जड वाटायचे. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो, हे मांडता आल्यावर 'सदोष' हा शब्द तिथे का हवा ते कळलं. दुसरी गोष्ट म्हणजे मोठ्याने वाचणं. लांब वाक्य मोठ्याने वाचलं की श्वास कुठे तुटतो तिथे उपवाक्य संपतं. घरच्यांना वाटलं मी भाषणाची तयारी करते आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांची मराठी भाषांतरं आता संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ती मी मूळ निकालाच्या शेजारी ठेवून पाहिली. भाषांतर कधीकधी मूळापेक्षा अवघड असतं, हे तेवढं सांगून ठेवते.

मे महिन्याच्या मध्यावर मी प्रत्यक्ष कोर्ट बघायचं ठरवलं. न्यायालय खुलं असतं, कुणीही मागे बसून कामकाज बघू शकतं, हे वाचलं होतं. सकाळी साडेदहाला न्यायालयाच्या आवारात पोचले तर बहुतेक दालनांना कुलपं. उन्हाळी सुट्टी! वकिलाची नातेवाईक असून हे विसरणारी बहुधा मी एकटीच असेन. तातडीच्या कामांसाठी एक सुट्टीतलं न्यायालय चालू होतं, तिथे जामिनाचे दोन अर्ज ऐकले आणि घरी आले. राहिलेली सुट्टी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांच्या, म्हणजे संविधानाचे प्रश्न ऐकणाऱ्या मोठ्या पीठांच्या, सुनावण्यांची चित्रमुद्रणं बघण्यात घालवली. थेट प्रक्षेपण व्हावं अशी मागणी करणाऱ्यांत स्वप्नील त्रिपाठी हा तेव्हा कायद्याचा विद्यार्थी होता. न्यायालयाने २०१८ मध्ये त्याचं म्हणणं मान्य केलं, आणि सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांचं कामकाज असं दिसू लागलं. पहिल्या वर्षात जाण्याआधीच हे ऐकून मला उगाचच जबाबदारी वाटू लागली.

जूनमध्ये परत गेले. यावेळी ताईबरोबर. पहिला तास नुसत्या तारखांचा. पुकारा व्हायचा, वकील उभे राहायचे, एक पक्षकार हजर नाही, एकाचं म्हणणं दाखल व्हायचंय, एकाला कागद हवेत, पुढची तारीख. मी वहीत काय लिहू म्हणून बसले होते. मग एका फौजदारी खटल्यात साक्षीदाराचा उलटतपास सुरू झाला, आणि मी तोवर वाचलेल्या कुठल्याही निकालापेक्षा जास्त त्या चाळीस मिनिटांत शिकले.

बचाव पक्षाचे वकील विचारत होते, "म्हणजे तुम्ही घटनेच्या वेळी तिथे नव्हताच, बरोबर?" साक्षीदार म्हणाला, "होतो की साहेब, तिथंच होतो." न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं: "हे म्हणणे खरे नाही की, घटनेच्या वेळी मी घटनास्थळी हजर नव्हतो." मी ते वाक्य मनात उलगडेपर्यंत पुढचं आलं. "हे म्हणणे खरे नाही की, मी फिर्यादीच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे." साक्षीदाराने 'होतो की साहेब' म्हटलेलं कागदावर कुठेच उरलं नाही. वर्षांनी अपिलात जो न्यायाधीश हे वाचेल त्याला तो माणूस कसा बोलला, कुठे थांबला, हे कळणार नाही. त्याच्यापुढे फक्त 'हे म्हणणे खरे नाही की' ची रांग असेल. मी निकालात 'वस्तुस्थिती' म्हणून जो परिच्छेद वाचत होते, तो असा तयार होतो तर. लालमनच्या गोष्टीतही अशाच कागदावरून उरलेलं आपल्यापर्यंत पोचलं असणार. मुलगा पाहून तो काय म्हणाला, काही नाही.

बाहेर आल्यावर मी ताईला विचारलं, एवढी नकारार्थी वाक्यं कशासाठी? ती म्हणाली, वकील आपल्या अशिलाची बाजू साक्षीदारापुढे सूचना म्हणून ठेवतो, साक्षीदार ती नाकारतो, आणि दोन्ही गोष्टी नोंदीत याव्या लागतात. सूचना केलीच नाही तर पुढे युक्तिवादात ती बाजू अचानक काढता येत नाही. "ऐकायला विचित्र वाटतं, पण आमचं अर्धं काम त्या 'की' च्या पुढे असतं," असं म्हणून ती पुढच्या दालनात पळाली.

संविधान सभेतल्या चर्चा मी रात्री वाचायचे. त्यांना निकालांची शिस्त नाही, म्हणून त्या वाचायला सोप्या. जीवित आणि स्वातंत्र्याच्या अनुच्छेदात कोणते शब्द हवेत, यावर डिसेंबर १९४८ मध्ये झालेली चर्चा वाचताना मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो डॉ. आंबेडकर दोन्ही बाजूंचे धोके मांडून निर्णय सभागृहावर सोडतात तिथे. एवढ्या अधिकाराचा माणूस 'हे अवघड आहे' असं मोकळेपणाने म्हणतो! विमा विभागात असा शेरा लिहिला असता तर फाइल परत आली असती.

बाकीच्या तयारीबद्दल फार लिहीत नाही. एक ऑनलाइन 'पूर्वतयारी' वर्ग लावला होता, त्यात लॅटिन वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करून घेत. दुसऱ्या आठवड्यात सोडला. वीस मिनिटांनी फोनकडे जाणारा हात दीड तास आवरायला शिकले, ते खरोखर उपयोगी पडलं. कागदपत्रं, दाखले, प्रवेशाच्या फेऱ्या यांत जून-जुलै गेला. फेऱ्या लांबत गेल्या आणि माझ्या तीन महिन्यांचे जवळपास साडेचार झाले.

वर्ग सुरू झाले तेव्हा वहीत एकोणीस निकाल होते, प्रत्येकी अर्ध्या पानात. सुरुवातीचे पाच वाचले तर लाज वाटते, शेवटचे चार बरे आहेत. रंगीत पेनं भाच्याला दिली. काकांचं दंड संहितेचं पुस्तक परत करायला गेले तर ते म्हणाले, ठेव, जुने खटले चालू आहेत ना अजून. केशवानंदमधली खूण एकेचाळिसाव्या पानावरच आहे.